न नेलेली घड्याळं

इंदूरला राजवाड्यामागच्या एका गल्लीत एका घड्याळजींनी मला नकली ‘एचएमटी पायलट’ अस्सल म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात एक खरं घड्याळ, मागतील ती किंमत मोजायला मी तयार असताना, विकायला साफ नकार दिला. पहिल्या गोष्टीचं मला काही वाटलं नाही. जुन्या घड्याळांच्या नादी लागलेल्या माणसाला अशी फसवणूक रोजचीच. उलट दुकानदारानं आपल्याला फसवून पाहिलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. दुसरी गोष्ट मात्र डोक्यातून गेली नाही. खोटं विकताना ज्याची जीभ अडखळली नाही, त्याला खरं विकताना काय आडवं आलं, हे कोडं मी पुण्यापर्यंत सोबत घेऊन आलो.

नाताळच्या सुट्टीत आत्याकडे गेलो होतो. इंदूर तसं ऐकून ऐकून पाठ झालेलं, पण राहायला म्हणून पहिल्यांदाच. नव्या गावात उतरलं की लोक देवळं विचारतात, खायच्या जागा विचारतात. मी घड्याळ दुरुस्तीची दुकानं विचारतो. शोरूम नव्हेत. खुर्चीएवढ्या रुंदीची, काचेच्या पेटीमागे एक माणूस मान खाली घालून बसलेला, डोळ्यात भिंग अडकवलेलं, समोर वाकवलेला टेबललॅम्प आणि कुठेतरी झाकण ठेवलेली पेट्रोलची वाटी. तो पेट्रोलचा आणि जुन्या चामडी पट्ट्यांचा एकत्र वास आला की माझी पावलं आपोआप मंदावतात. बायकोनं या सवयीशी केव्हाच तह केला आहे. ती शेजारच्या साड्यांच्या दुकानात शिरते आणि मी बाहेर पडायच्या आत तिचं काम झालेलं असतं, त्यामुळे एकूण सुट्टीत नेमका कोणाचा छंद महाग पडतो हा विषय आम्ही काढत नाही.

घड्याळजी मराठी निघाले. दुकानावरची पाटी हिंदीत, पण मी बायकोला हाक मारली ती ऐकून त्यांनी भिंग न काढताच विचारलं, “महाराष्ट्रातून येऊन राहिलात काय?” तीन पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून आलेलं कुटुंब, आजोबांनी होळकरांच्या काळात दुकान टाकलेलं. एवढी ओळख झाल्यावर त्यांनी खणातून तो पायलट काढला. काळी तबकडी, हिरवट आकडे, अगदी नवा कोरा. “कंपनी फिटेड आहे. हात लागलेला नाही.” मी भिंग मागितलं. तबकडीवरचा रंग साईसारखा जाड बसला होता, अक्षरांच्या कडा फुटलेल्या होत्या, मिनिटांच्या रेघा काठापर्यंत पोचतच नव्हत्या आणि सेकंदकाटा भलत्याच घड्याळातला होता. आम्हा लोकांच्या भाषेत याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आतलं मशीन खरं एचएमटीचं असतं, तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, ते बिचारं इमानानं टिकटिकत असतं. वरचा चेहरा मात्र कुठल्यातरी खोलीत रंगवलेला. मी भिंग परत केलं आणि काही बोललो नाही. तेही काही बोलले नाहीत. पायलट खणात गेला. त्या न बोलण्यातून आमची खरी ओळख झाली असं मला वाटतं, कारण त्यानंतर चहा आला.

चहा येईपर्यंत माझी नजर फळीवरच्या एका पत्र्याच्या डब्यावर गेली. बिस्किटांचा जुना डबा, झाकणावरचं चित्र घासून घासून अर्धं गेलेलं. विचारल्यावर त्यांनी तो खाली काढून माझ्यापुढे सरकवला. आत घड्याळंच घड्याळं. प्रत्येकाच्या कानाला दोऱ्यानं बांधलेली पिवळी पडलेली चिठ्ठी. नाव, मोहल्ला, बिघाड आणि रक्कम. ‘तेल-सफाई, ३५.’ ‘काच, १२.’ ‘बॅलन्स, ६०, फोन नाही.’ अक्षर कुठे वडिलांचं, कुठे यांचं. एचएमटी सोना, ऑल्विन, पट्टा गळून गेलेल्या कितीतरी एचएमटी ‘जनता’. एकेकाळी हुंड्यात नवरदेवाला हवं म्हणून ज्याच्यासाठी वशिले लावले जात, ते सोनेरी कांचनही होतं. आणि तळाशी एक जनता अशी, की माझा हातच थांबला. पांढरी तबकडी, देवनागरी आकडे, तेही मूळचे, कुणी न रंगवलेले. बारा वर छोटासा डाग सोडला तर निर्मळ. मी किल्ली दोन वेढे फिरवली आणि ती चालू लागली.

“हिचं काय घ्याल?”

“ही विकायची नाहीये. लोकांची आहे.”

मी चिठ्ठी पाहिली. तारीख १९९२ची होती. म्हटलं, काका, तीस वर्षं उलटून गेली, आता कोण येणार? ते म्हणाले, “नसेल येत. पण माझी थोडीच आहे?” मी रक्कम सांगितली. वाढवून सांगितली. त्यांनी भिंग परत डोळ्यात अडकवलं, म्हणजे विषय संपला. जाता जाता एवढंच म्हणाले की त्या डब्यातली निम्मी घड्याळं मिलवाल्यांची आहेत.

आत्या लोकमान्य नगरात राहते. संध्याकाळी तिला हे सांगितलं तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. आतोबा एका मिलमध्ये विणखात्यात होते. “घड्याळ लागायचंच कुठे?” ती म्हणाली. “भोंगा होता ना.” मिलचा भोंगा वाजला की डबा भरायचा, दुसरा वाजला की चूल पेटवायची, रात्रीचा वाजला की दाराची कडी काढून ठेवायची. एकेका मिलचा आवाज वेगळा. लहान मुलंसुद्धा ओळखायची, हा मालवा मिलचा, हा राजकुमारचा. अख्ख्या गावाचा दिवस त्या आवाजांनी कापून ठेवलेला. आणि तरीही पहिल्या बोनसमधून माणसं घड्याळच घ्यायची. वेळ बघायला नव्हे, तर आपल्याकडे वेळ आहे हे दाखवायला. हे शेवटचं वाक्य माझं, आत्या म्हणाली, “लग्नात, गणपतीत घालायचे. कामावर नाही न्यायचे, कापसाचं पीठ जातं आत.” कापसाचा तंतू बॅलन्सच्या, म्हणजे घड्याळाची चाल राखणाऱ्या चाकाच्या, स्प्रिंगला अडकला की घड्याळ एकदम पुढे पळायला लागतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तिला ते रोजच्या व्यवहारातून ठाऊक होतं.

मग मिल बंद पडल्या. हुकुमचंद मिलची तारीख तर इंदुरात कुणालाही विचारा, १९९१चा डिसेंबर. कामगारांची देणी मिळायला त्यानंतर किती काळ गेला? २०२३च्या २५ डिसेंबरला सुमारे २२४ कोटींचा धनादेश दिला गेला. बत्तीस वर्षं. त्या अवधीत अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, मात्र निघत राहिल्या, बंद मिलच्या नावानंही निघत राहिल्या. आत्या अजून रात्रभर जागून बघते आणि कोणत्या मिलची झांकी यंदा पडली यावर आठवडाभर बोलते. मी हिशेब करत बसलो. १९९२ साली पस्तीस रुपये देऊन घड्याळ सोडवून आणणं एखाद्याला का जमलं नसेल, हे कळायला हिशेबाची गरज नव्हती, तरी केला. पगार थांबल्यावर घरातल्या खर्चाच्या यादीत घड्याळाची तेल-सफाई कितव्या नंबरावर येत असेल?

रात्री सराफ्यात गेलो. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, रात्री त्याच फळ्यांपुढे कढया. थंडीचे दिवस, म्हणून गराडू हा कंद होता; तळून, वरून जिरावण मसाला भुरभुरून, लिंबू पिळून. भुट्ट्याचा कीस खाल्ला. पत्रावळीएवढी जलेबी पाहूनच पोट भरलं. बायको म्हणाली की आल्यापासून तू कुठे नसतोसच. खरं होतं. समोर गराडू तळणाऱ्या माणसाच्या मनगटावर एक जुनं टायटन होतं, तेलाच्या वाफेनं काच धुरकटलेली, आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी शहर पाहिलं, रीतसर. राजवाडा पाहिला. गांधी हॉलसमोर बराच वेळ उभा राहिलो. १९०४मध्ये बांधलेली ही वास्तू तेव्हा किंग एडवर्ड हॉल होती आणि लोकांच्या तोंडी मात्र ती घंटाघरच राहिली. मनोऱ्यावरचं घड्याळ उंच, चारही दिशांना तोंड करून. खाली रिक्षावाले त्याच्याकडे न बघता मोबाइलमध्ये वेळ बघत होते, आणि खरं तर मीही तेच केलं, काटे बरोबर आहेत का हे ताडून पाहायला. माणिकबाग बाहेरूनच पाहिली. यशवंतराव होळकरांनी १९३०च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून हा महाल बांधून घेतला; पोलाद, काच, रंगीत चामडं, त्या काळच्या युरोपालाही नवं वाटावं असं सगळं. आता तिथे जीएसटी-कस्टमचं कार्यालय आहे. त्यातलं फर्निचर १९८०मध्ये मोनाकोत लिलावात विकलं गेलं आणि आज जगभरच्या संग्रहांत आहे. घड्याळवेड्यांना हा काळ फार प्रिय. त्याच सुमारास, १९३१मध्ये, हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटतात म्हणून उलटं फिरवता येणारं ‘रिव्हर्सो’ हे घड्याळ निघालं, आणि तेव्हापासून प्रत्येक जुन्या रिव्हर्सोच्या पाठीवर एखादा राजेमहाराजा शोधायचा आमच्यात प्रघात आहे. कुंपणापाशी उभं राहून मी हेच मनात घोळवत होतो. राजाची खुर्ची असली की तिच्या मालकाचं नाव छापून किंमत वाढते. डब्यातल्या जनतेलाही नाव बांधलेलं आहे, आणि त्या नावापायीच तिची किंमत होत नाही.

मग उज्जैन. आत्याला महाकालला जायचं होतं, मला वेधशाळेत. सवाई जयसिंहांनी बांधलेल्या पाचांपैकी ही एक. मोडकळीला आली होती, १९२३मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे या आपल्या ज्योतिर्विदांनी तिथलं काम पाहिलं. क्षिप्रेकाठच्या मोकळ्या जागेत चार-पाच चुनेगच्ची यंत्रं. त्यांतलं सम्राट यंत्र म्हणजे पायऱ्यांची एक तिरपी भिंत. तिचा उतार उज्जैनच्या अक्षांशाइतका आणि तोंड ध्रुवाकडे. दोन्ही अंगांना दगडी कमानी, त्यांवर तास-मिनिटांच्या खुणा. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. मी खाली वाकून सावलीची कड पाहत राहिलो. ती सरकताना दिसते. घड्याळाचा मिनिटकाटा सरकताना दिसत नाही, ही दिसते. कड मात्र पुसट असते, कारण सूर्य हा ठिपका नसून आकाशात अर्धा अंश रुंद आहे आणि तेवढं अंतर कापायला त्याला दोन मिनिटं लागतात.

माझ्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. दगडावर अकरा तेरा.

सत्तावीस मिनिटांचा फरक. कारण ठाऊक होतं. उज्जैनचं रेखांश पावणेशहात्तर अंश आणि आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशीवर बांधलेली, दर अंशाला चार मिनिटं. ठाऊक असणं वेगळं आणि मनगट दगडाशेजारी धरून उभं राहणं वेगळं. मी घरी सकाळी उठून फोनमधल्या अॅपवर घड्याळं ताडून पाहणारा माणूस आहे. हे दिवसाला चार सेकंद पुढे जातं, ते सहा मागे पडतं, याच्या वहीत नोंदी ठेवणारा. ती सगळी सेकंदं कुठल्यातरी लांबच्या रेघेच्या तुलनेत होती. डोक्यावरच्या सूर्याला माझ्या चार सेकंदांचं काहीही देणंघेणं नव्हतं. तिथल्या तक्त्यावर लिहिलेलं असतं, कोणत्या दिवशी सावलीच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अकराच मिळवा, फेब्रुवारीच्या मध्याला एक्केचाळीस. म्हणजे सूर्यसुद्धा वर्षभर एका चालीनं चालत नाही. नाताळच्या आसपास त्याची चूक शून्यावर येते, आणि आम्ही नेमके तेव्हा गेलो होतो. शेजारच्या मनोऱ्यावर २०२४पासून विक्रमादित्य वैदिक घड्याळ आहे, सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत तीस मुहूर्त दाखवणारं. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढत होते. मला ते फार भावलं नाही. दगडानंतर दिव्यांची पाटी बघवत नाही. हा माझा दोष असेल.

आमच्या आजीच्या बोलण्यात ‘मुंबई टाइम’ यायचा. १ जानेवारी १९०६ला देशभर एक वेळ ठरली तरी मुंबईनं आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. एकाच घरात एक घड्याळ स्टेशनचं आणि एक गावाचं, आणि दोन्ही बरोबर. आत्याला उज्जैनहून परतताना हे सांगत होतो. तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, “मग भोंगा कुठल्या टाइमाचा होता?” अर्थात प्रमाणवेळेचा. गावाला सूर्यावरून उचलून मिर्झापूरच्या रेघेवर कुणी नेऊन ठेवलं असेल तर ते भोंग्यानं. माणसांनी ते मुकाट मानलं, त्यासाठी पहाटे उठली, त्याच वेळेची घड्याळं विकत घेतली. मग एक दिवस भोंगा वाजायचा थांबला. गावात वेळ होती, ती कुणाकडून घ्यायची तेवढं राहिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा त्या दुकानात गेलो. जनतेसाठी नाही, असं स्वतःला सांगून. घड्याळजींनी ओळख दाखवली नाही, काही वेळानं आपणहून म्हणाले, “त्या पैशांनंतर एक पोरगा आला होता.” मिलचे पैसे म्हणत होते. बापाची चिठ्ठी बापाच्या ट्रंकेत जपून ठेवलेली, ती घेऊन आला. यांनी डबा उलटा केला, घड्याळ शोधलं, तेल घालून चालू करून दिलं आणि चिठ्ठीवरचे पस्तीस रुपयेच घेतले. पोरानं घड्याळ हातात धरलं आणि विचारलं, याचे किती येतील?

“तुम्ही काय सांगितलं?”

“खरं तेच. बरे येतील म्हटलं. तुमच्यासारखे लोक येऊन राहिलेत ना आजकाल.”

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, कौतुकही नव्हतं. पोराला पैशांची गरज असेल. घड्याळ त्याचं होतं, त्यानं विकलं. माझ्या डोक्यात मात्र त्या क्षणी आला तो विचार असा की ते कुठलं मॉडेल होतं आणि कुणाला मिळालं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तो आलाच. उठता उठता मी पायलट मागितला, नकली तो. “ठाऊक आहे ना?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी साडेचारशे घेतले, आधी सांगितलेल्याच्या निम्मेही नाहीत, आणि पावतीच्या कागदावर माझं नाव लिहून दोऱ्यानं घड्याळाच्या कानाला बांधून दिलं. सवयीनं असेल.

घरी आल्यावर मी संग्रहाचा खण उघडला आणि एकेका घड्याळाला चिठ्ठी बांधायला घेतली. कुणाकडून आलं, कुठलं होतं, आधी कुणाचं. थोड्याच वेळात लक्षात आलं की ‘कुणाचं’ या रकान्यात लिहायला माझ्याकडे जवळजवळ काहीच नाही. विकणाऱ्याचं नाव आठवतं, जुन्या बाजाराची जागा आठवते, किंमत तर पैशासकट आठवते. मॉडेल, साल, मशीनचा नंबर पाठ. एका सोनावर मागच्या झाकणाला कोरलेलं आहे: नाव, गाव, खातं, ‘सेवानिवृत्तीनिमित्त’, १९८६. कारखान्याचं नाव घासून गेलंय, माणसाचं स्वच्छ वाचता येतं. मी ते पूर्वी कैकदा वाचलं आहे, पण खोदकामाचा दर्जा बघायला. या खेपेला मोबाइलमध्ये ते नाव टाकून पाहिलं. त्याच गावातलं, त्याच आडनावाचं एक किराणा दुकान निघालं, त्याचा फोन नंबरही होता.

फोन अजून केलेला नाही. केला तर काय विचारणार, आणि त्यांनी परत मागितलं तर काय करणार, याचं उत्तर मला ठाऊक आहे. तो सोना माझ्या सगळ्या घड्याळांत उत्तम चालतो. दिवसाला दोन सेकंद, तेही पुढे.